संमतीपत्रातील नकाराची जागा

संमतीला अर्थ येतो तो नकारामुळे. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला आपल्याकडे जुना शब्द आहे: वेठ. गावगाड्याने आपल्या वाडवडिलांकडून शतकानुशतके कामे करून घेतली, ती त्यांना विचारून नव्हे. तेव्हा माणसाला विचारणे आणि त्याच्या नकाराचा मान राखणे, ही आपल्या दृष्टीने शिष्टाचाराची बाब नसून माणूसपणाची बाब आहे.

हे आज सांगण्याचे कारण असे की, आपल्या वस्त्यांची माहिती गोळा करण्याचे काम वाढले आहे आणि त्याची रीत बदलली आहे. पूर्वी प्रश्नावलीचा कागद घेऊन कोणी दारात येत असे. आता मोबाइलवर लिंक येते. लघुप्रबंधासाठी, पीएच.डी.साठी अशा लिंका पाठवणाऱ्यांत आता आपलीही मुले-मुली आहेत. म्हणून ऑनलाइन संमतीपत्र कसे करावे, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांवर सोपवून चालणार नाही.

संमतीपत्र असून संमती नसणे म्हणजे काय, याचे उदाहरण दूरचे नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस अभ्यास-प्रकल्प म्हणून देण्यात आली. खम्मममध्ये त्यांत वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात नमूद आहे की, आंध्रमधील ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. कागद पूर्ण होता, सही होती; पण ज्या आईबापांना विचारायचे त्यांना विचारलेच नव्हते. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये 'स्वेच्छेची संमती' हे पहिले तत्त्व म्हणून जगासमोर मांडले गेले होते. त्याला तेव्हा ६२ वर्षे झाली होती.

माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या वडिलांनी आयुष्यात कितीतरी कागदांवर अंगठा उठवला. त्या कागदांत काय आहे ते त्यांना कोणी वाचून दाखवले नाही. मोबाइलवरचे 'मला मान्य आहे' हे बटण म्हणजे तोच अंगठा, शाई नसलेला. तो फसवणुकीचा होऊ नये यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट भाषेची. 'सदर संशोधनांतर्गत संकलित विदा' असे लिहू नका. 'तुम्ही दिलेली उत्तरे मी माझ्या प्रबंधासाठी वापरणार आहे' असे लिहा. तुम्ही कोण, कोणत्या महाविद्यालयाचे, काय विचारणार, किती वेळ लागेल, उत्तरे कोण पाहणार, ती किती दिवस ठेवणार आणि शंका असल्यास कोणाला फोन करायचा, हे सर्व पहिल्याच पानावर यावे. आणखी एक वाक्य आवर्जून घाला: 'यातून घरकुल, रेशनकार्ड किंवा शिष्यवृत्ती मिळणार नाही, नाही म्हटल्याने काही बंदही होणार नाही.' वस्तीत माहिती विचारणारा म्हणजे योजना आणणारा, असाच समज असतो. त्या आशेवर मिळालेले 'हो' घेऊ नये. ज्याला वाचता येत नाही, त्याला हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. पण त्याच्या वतीने बटण दाबू नका.

दुसरी गोष्ट नकाराच्या जागेची. 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही पर्याय सारख्याच अक्षरात, शेजारी शेजारी असावेत. आधीच खूण केलेला चौकोन नसावा. गुगल फॉर्ममध्ये उत्तरानुसार पुढचा विभाग ठरवता येतो. 'नाही' म्हणणाऱ्याला कारण न विचारता आभाराच्या पानावर न्या. आवाज ध्वनिमुद्रित करणे, फोटो घेणे यांसाठी वेगळी संमती घ्या. संमतीचा प्रश्न तेवढा सक्तीचा ठेवा. जात, उत्पन्न, आजार यांविषयीचे प्रश्न सोडून देण्याची मुभा असू द्या.

तिसरी गोष्ट ओळखीची. नाव विचारले नाही म्हणजे ओळख लपली, असे नव्हे. ज्या गावात मातंगांची चारच घरे आहेत, तिथे गाव, जात, वय आणि 'विधवा' एवढे लिहिले की बाई कोण ते सगळ्या गावाला कळते. तिने सवर्ण मालकाविषयी काही सांगितले असेल, तर त्याचा परिणाम तिला भोगावा लागेल. म्हणून गावाऐवजी तालुका विचारा, वयाऐवजी वयोगट. ई-मेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. उत्तरांचा तक्ता लिंक असलेल्या कोणालाही उघडेल असा ठेवू नका.

चौथी गोष्ट माघारीची. दिलेली संमती परत घेता आली पाहिजे. नाव नसेल तर कोणाचे उत्तर काढायचे ते कळणार कसे? त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा एक सांकेतिक शब्द लिहायला सांगा. तो कळवला की ते उत्तर पुसायचे. किती तारखेपर्यंत पुसता येईल, तेही आधीच सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, विशिष्ट आणि निःसंदिग्ध असावी, ती देण्याइतकेच परत घेणे सोपे असावे, असे तत्त्व आहे. संशोधनाला त्या कायद्यात काही अटींवर सूट आहे. पण कायद्याने सूट दिली म्हणून आपण आपल्याच माणसांशी कमी प्रामाणिक वागावे काय?

शेवटची गोष्ट आम्हा शिक्षकांसाठी. वर्गाच्या गटावर प्राध्यापकाने लिंक टाकली की विद्यार्थ्याला अंतर्गत गुण दिसू लागतात. तिथे आपणच अधीक्षकाच्या जागी असतो. अशी लिंक दुसऱ्या कोणी पाठवावी आणि कोणी भरली हे आपल्याला कळू नये. अठरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांची संमती घ्यावीच, पण मुलालाही विचारावे.

प्रबंधात उत्तर देणाऱ्यांची संख्या सगळेच छापतात. नकार देणाऱ्यांचीही छापावी. दोनशे जणांना विचारले आणि एकानेही नकार दिला नाही, असे कोणी अभिमानाने सांगितले, तर मी आधी त्याचे संमतीपत्र मागून घेतो आणि 'नाही' कुठे लिहिले आहे ते शोधतो.