उताराची ऊर्जा जाते कुठे?

कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात डोंगरउतारांवर वाईनच्या द्राक्षांचे मळे आहेत. तिथल्याच अ‍ॅनाडेल उद्यानातल्या दगडाळ वाटांवर जाड टायरच्या सायकली दामटायला लोक येतात. चढताना दम लागतो, हे सांगायला नको. खरी गंमत उतरताना आहे.

समजा, सायकल आणि स्वार मिळून ८५ किलोग्रॅम आहेत. ४०० मीटर खाली आल्यावर त्यांची स्थितिज ऊर्जा किती कमी होईल? ८५ × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे ३ लाख ३३ हजार ज्यूल. पायथ्याशी आपण थांबलो की या सगळ्याची उष्णता झालेली असते. थोडा वाटा हवा आणि खडबडीत जमीन उचलतात. पण वळणांमुळे वेग आवरावा लागला, तर मोठा भार ब्रेकवर पडतो. एवढ्या उष्णतेनं २० अंश सेल्सिअसचं १ लिटर पाणी उकळीला येईल!

शेजारच्या मरीन परगण्यात १९७६ साली अशाच एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. पायडल उलटं दाबलं की तो लागे. कोंडलेली उष्णता जाणार कुठून? आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. त्यावरून त्या वाटेचं नावच ‘रीपॅक’ पडलं. आजच्या डिस्क ब्रेकची चकती उघड्या वाऱ्यात फिरते, म्हणून लवकर निवते. तरीही जाणते स्वार ब्रेक सतत घासत ठेवत नाहीत. वळणाआधी दाबतात, मग सोडतात.

आपल्या साध्या सायकलवर बेताच्या उतारावरून ब्रेक दाबत उतरा. थांबल्यावर आधी रिमला, मग हँडलच्या नळीला बोट लावून पाहा.