ट्रॅक्टरच्या इंजिनास पाण्यापासून जपा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडला तर पाऊस बेताचाच पडतो. जेथे विहिरींना पाणी पुरत नाही, तेथे ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी शिरण्याचे भय ते कसले, असे कित्येक शेतकऱ्यांना वाटते. परंतु इंजिनाचा घात करण्यास ओढ्याचा पूर लागत नाही. वाटीभर पाणीही पुरे होते. रब्बीच्या पेरणीत जमिनीचा वाफसा चार-आठ दिवसच टिकतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हुकलेल्या पेरणीचे नुकसान अधिक होते. म्हणून हे पाणी कोठून येते व त्यास कसे अडवावे, हे समजून घेणे हिताचे आहे.

डिझेलमधील पाणी

पाण्याचा पहिला मार्ग डिझेलच्या पिंपातून आहे. पिंप उघड्यावर उभे ठेवले म्हणजे पावसाचे पाणी त्याच्या वरच्या पत्र्यावर साचते. दिवसा पिंप तापते व आतील हवा फुगून बाहेर पडते. रात्री ते निवते, तेव्हा आत ओढ उत्पन्न होऊन साचलेले पाणी बुचाच्या आट्यांतून आत शोषले जाते. ट्रॅक्टरची अर्धी रिकामी टाकीही याच रीतीने दमट हवा आत घेते व थंडीच्या रात्री तिच्या पत्र्यावर दव धरते. हे पाणी थोडे असले तरी ते रोज साठत जाते.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. इंधनपंप व नोझल यांचे भाग एकमेकांत अत्यंत बारीक अंतराने बसविलेले असून त्यांस वंगण मिळते ते डिझेलचेच. तेथे पाणी पोहोचले की भाग गंजतात, झिजतात व अडकतात. इंजिन सुरू होण्यास त्रास देणे, मध्येच ठोके चुकणे, पांढरा धूर व ताकद कमी होणे ही त्याची लक्षणे होत. पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जंतू वाढून बुळबुळीत थर तयार होतो व फिल्टर तुंबतो.

उपाय

१. पिंप छपराखाली, आडवे व दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असे ठेवावे.
२. हलविलेले पिंप एक दिवस स्थिर राहू द्यावे. तळाचे चार बोटे डिझेल टाकीत घालू नये. साध्या फडक्याने कचरा अडतो, पाणी अडत नाही.
३. दिवसाचे काम संपताच संध्याकाळी टाकी भरून ठेवावी.
४. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा खालचा स्क्रू सैल करून, स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढावे. नंतर इंधनमार्गात शिरलेली हवाही काढून टाकावी.

हवेच्या मार्गाने येणारे पाणी

दुसरा मार्ग अधिक घातक आहे. डिझेल इंजिन हवा अतिशय दाबते. पाणी मात्र दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये दट्ट्याची धाव ८०० घनसेंटिमीटर जागा व्यापीत असेल आणि दाबाचे प्रमाण १७ असेल, तर दट्ट्या वर आल्यावर केवळ ५० घनसेंटिमीटर जागा उरते. याहून अधिक पाणी आत असता इंजिन फिरले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा मोडतो.

टी-५५ सारखे डिझेल रणगाडे खोल नदी ओलांडताना हवेसाठी उंच नळी जोडीत असत, ते याच कारणाने. आपल्या ट्रॅक्टरला तशी सोय नसते. म्हणून ओढ्यात उतरण्यापूर्वी काठीने खोली पाहावी. पाणी पंख्याच्या पात्यांपर्यंत येत असेल तर उतरूच नये. कारण फिरता पंखा पाणी उडवून हवेच्या मार्गावर फेकतो. वाहत्या पुरात तर ट्रॅक्टर कदापि घालू नये. तेथे इंजिनाबरोबर जिवावरही बेतते. ट्रॅक्टर उघड्यावर उभा असेल तेव्हा उभ्या सायलेन्सरवर झाकण ठेवावे.

पाणी शिरलेच तर

इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. ट्रॅक्टर ओढून बाहेर काढावा. जाणत्या मेस्त्रीकडून नोझल काढवून व इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर घालवावे. एअर क्लीनर साफ करावा. डिपस्टिकवरील वंगण तेल दुधाळ दिसल्यास तेल व त्याचा फिल्टर बदलल्याविना इंजिन चालवू नये. पाण्यातून न जाताही तेल दुधाळ झाले, तर गास्केटमधून रेडिएटरचे पाणी झिरपत असण्याचा संभव असतो. गिअरबॉक्सचे तेलही तपासावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी सभेत एक सोपे प्रात्यक्षिक करून दाखवावे. टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी बसलेले पाणी सर्वांस दिसेल, आणि सकाळी स्क्रू सैल करण्याची सवय का हवी, हे वेगळे सांगावे लागणार नाही.