कमरेइतके पाणी

काही विद्या बालपणीच शिकाव्या लागतात, वय उलटल्यावर त्या येत नाहीत, असा एक समज समाजात रूढ आहे. पोहणे ही अशा विद्यांपैकी एक मानली जाते. पुस्तके वाचण्याची आवड ही दुसरी. चाळिशी ओलांडलेला मनुष्य पोहावयास निघाला, तर लोकांना त्याचे कौतुक कमी आणि नवल अधिक वाटते. शाळा सोडल्यापासून ज्याने एकही पुस्तक हाती धरले नाही, असा मनुष्य एकाएकी कादंबरी घेऊन बसला, तर घरातील माणसेही चकित होतात. वास्तविक या दोन्ही गोष्टी प्रौढ वयात शिकता येतात. मात्र त्या शिकण्याची एक रीत आहे, आणि ती दोहोंच्या बाबतीत पुष्कळशी सारखी आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा परिसर या विचारास फार सोयीचा आहे. कारण येथे पाणी विपुल आहे आणि ग्रंथही विपुल आहेत. ठाणे हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध असून त्याच्या एका अंगास खाडी पसरलेली आहे. कल्याण हे तर उल्हास नदीच्या काठी वसलेले प्राचीन बंदर होय. ग्रंथांच्या बाबतीतही या गावांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. असे असूनही पाण्याच्या शेजारी राहणाऱ्या कित्येकांस पोहता येत नाही, आणि ग्रंथालयावरून रोज जाणारे कित्येक जण त्याची पायरी कधी चढत नाहीत.

पूर्वी खेड्यातील मुले विहिरीत, ओढ्यात किंवा नदीच्या डोहात पोहावयास शिकत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून वडील माणसे मुलास पाण्यात सोडीत, आणि चार-आठ दिवसांत मूल हातपाय मारू लागे. गावे वाढून शहरे झाली, विहिरी बुजल्या, नद्यांचे पाणी दूषित झाले आणि पिढीजात चालत आलेली ही शाळा बंद पडली. पाणी मात्र आपला स्वभाव विसरले नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महापुराचा तडाखा कल्याण आणि आसपासच्या वस्त्यांनाही बसला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, आणि तीतील हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. पाण्यात बुडून भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडतात. पोहता येणारा मनुष्य पुरावर विजय मिळवतो, असे नव्हे. पट्टीचा पोहणाराही पुरात स्वतः होऊन उतरत नाही. परंतु पाण्यात अकस्मात पडलेल्या मनुष्यास जर तरंगता येत असेल, तर मदत पोहोचेपर्यंतची मोलाची मिनिटे त्याच्या हाती राहतात.

मग प्रौढ मनुष्य पोहावयास का शिकत नाही? त्याच्या वाटेत दोन अडथळे असतात : एक भीती आणि दुसरी लाज. लहान मुलास पाण्याची भीती वाटते, पण चार मुलांसमोर धडपडण्याची लाज वाटत नाही. कचेरीत ज्याच्या शब्दास मान आहे, अशा गृहस्थास तरणतलावाच्या कठड्याला धरून दहा वर्षांच्या मुलांशेजारी पाय हलवणे कठीण जाते. शरीराच्या अडचणींवर सरावाने मात करता येते; मनाची ही अडचण ज्याची त्यालाच दूर करावी लागते.

भीतीवर उत्तम औषध म्हणजे ज्ञान. पाण्यात बुडालेल्या वस्तूने जेवढे पाणी बाजूस सारलेले असते, त्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर उचलते, हा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितला. छातीत पूर्ण श्वास भरून घेतला, म्हणजे बहुतेक मनुष्यांचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके ठरते. म्हणजे तरंगण्यासाठी धडपड करावी लागत नाही. उलट धडपडीमुळेच मनुष्य खाली जातो. घाबरलेला मनुष्य मान ताठ करून डोके पाण्याबाहेर काढू पाहतो. डोके वर उचलले, की कंबर आणि पाय खाली जातात. तो जोराजोराने हात आपटतो, त्याला दम लागतो, आणि दम लागला म्हणजे भीती दुणावते.

म्हणून जाणता शिक्षक नवशिक्यास प्रथम कमरेइतक्या पाण्यात उभा करतो. पहिला पाठ हातापायांचा नसून श्वासाचा असतो. तोंडाने श्वास घ्यावा, चेहरा पाण्यात बुडवावा आणि नाकातोंडाने बुडबुडे काढीत तो सावकाश सोडावा. हे जमल्यावर कठडा धरून शरीर आडवे करावयाचे. मग कठडा सोडून क्षणभर पाण्यावर पडून राहावयाचे. त्यानंतर पायांचा हलका मारा, पुढे हातांची ओढ, आणि शेवटी मान एका कुशीस वळवून श्वास घेणे, असा हा क्रम आहे. या सर्व काळात पाय टेकले, की जमीन लागेल, ही खात्री शिकणाऱ्याच्या मनात असते. त्या खात्रीच्या आधारानेच तो जमीन सोडावयास धजतो. उथळ पाण्याचे महत्त्व ते एवढे आहे.

प्रौढ वयातील अशा सरावाने काय साधते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यातील मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि त्यांचे पाय अधू झाले. उपचाराचा एक भाग म्हणून त्यांनी पोहण्याचा सराव आरंभला. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिम्पिक स्पर्धांत त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. मोडलेल्या शरीराला आधार देण्यासाठी हाती घेतलेला तो व्यायाम त्यांना जगातील पहिल्या स्थानापर्यंत घेऊन गेला.

वाचनाच्या बाबतीतही अशीच गोष्ट घडते. अक्षरे ओळखणे ही पाण्यात पाय बुडवण्याइतकीच प्राथमिक पायरी होय. सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने असंख्य प्रौढ स्त्रीपुरुषांना अक्षरओळख करून दिली. परंतु वाचावयास शिकलेल्या मनुष्याच्या हाती त्याला रुचेल असे काही पडले नाही, तर शिकलेली अक्षरेही हळूहळू पुसट होतात. सुशिक्षितांचीही याहून फार वेगळी स्थिती नसते. परीक्षेपुरते वाचून ज्याने पुस्तके बाजूस ठेवली, त्याच्या हाती वीस वर्षांनी एकदम तत्त्वज्ञानाचा जाडजूड ग्रंथ दिला, तर तो दुसऱ्याच पानावर थकतो. पोहावयास न शिकलेल्या मनुष्याला खोल डोहात ढकलावे, तसे ते होते.

अशा वाचकासाठी लोकप्रिय कादंबरी हे कमरेइतके पाणी असते. तिची भाषा ओळखीची असते. पुढे काय झाले, ही उत्कंठा वाचकाला पानामागून पान ओढून नेते. तिच्या ओघात तो नकळत पुष्कळ काही शिकतो : दहा-पंधरा पात्रे ध्यानात ठेवणे, मागील प्रकरणाचा धागा पुढील प्रकरणाशी जोडणे, परक्या मनुष्याच्या मनात शिरून त्याचे सुखदुःख अनुभवणे. तीनशे पाने वाचून संपवणाऱ्या मनुष्याचा वाचनाचा दम वाढलेला असतो. डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या गर्दीत कोपऱ्यात उभे राहून पुस्तक वाचणाऱ्यांनी हा दम असाच कमावलेला आहे.

लोकप्रिय वाङ्मयाला नाके मुरडण्याची चाल जुनी आहे. तथापि मराठीचा इतिहास वेगळेच काही सांगतो. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली जे साप्ताहिक सुरू केले, त्याचे नावच ‘करमणूक’ असे होते. लोकांनी ते करमणुकीसाठी घेतले. आणि त्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीने हिंदू विधवेच्या दुःखाला घराघरांत वाचा फोडली. पुढच्या काळात बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ या नायकांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना पुस्तकाचा लळा लावला. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाली. या कादंबऱ्या एरवी फारसे न वाचणाऱ्यांच्याही घरी पोहोचल्या. ‘स्वामी’ वाचून ज्याला माधवराव पेशव्यांविषयी अधिक जाणावेसे वाटते, त्याची पावले इतिहासाच्या कपाटाकडे वळतात. ‘मृत्युंजय’ मधील कर्ण ज्याच्या मनात घर करतो, त्याला महाभारत मुळातून पाहण्याची इच्छा होते.

येथे एक आक्षेप घेण्यात येतो. जे लोक उथळ पाण्यात उतरतात, त्यांपैकी पुष्कळ जण जन्मभर तेथेच राहतात. मग त्याचा लाभ काय? हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. तरणतलावात दहा वर्षे येऊनही कठडा न सोडणारे लोक असतात, आणि एकाच धर्तीच्या कथा आयुष्यभर वाचणारे वाचकही असतात. यावर उपाय उथळ पाणी काढून टाकणे हा नव्हे. तलावाचा तळ जसा पावलापावलाने खोल होत जातो, तशी ग्रंथालयाची रचना असावी, आणि ‘हे आवडले ना, मग आता हे वाचून पाहा’, असे म्हणणारा ग्रंथपाल तेथे असावा. चांगला पोहण्याचा शिक्षकही नेमके हेच करतो. तो शिकणाऱ्याला ओढत नाही. त्याच्यापासून दोन हात अंतरावर उभा राहून त्याला बोलावतो.

अर्थात साम्यालाही मर्यादा आहेत. पुस्तक केव्हाही मिटून ठेवता येते. पाण्याचे तसे नाही. म्हणून वाचन एकट्याने करावे, पण पोहावयास एकट्याने कधीही शिकू नये. शिक्षक आणि जीवरक्षक हजर असतील, तेथेच पाण्यात उतरावे. अनोळखी तलाव, खाण किंवा भरतीची खाडी यांच्या वाटेस जाऊ नये.

एवढे पथ्य पाळले, तर वयाची सबब उरत नाही. ज्या घरातील वडील माणसे पोहावयास शिकतात, त्या घरातील मुलांना पाण्याची अवास्तव भीती वाटत नाही, आणि अवास्तव धाडसही सुचत नाही. ज्या घरात आई किंवा वडील रात्री पुस्तक उघडून बसतात, त्या घरातील मुलांना ‘वाच’ म्हणून निराळे सांगावे लागत नाही. ज्यांना स्वतःला ही विद्या लवकर लाभली आहे, अशा मुलामुलींनी कमरेइतक्या पाण्यात धडपडणाऱ्या आपल्या वडील माणसांना हसू नये. उलट त्यांचा हात धरावा आणि त्यांना दोन पावले पुढे न्यावे.