कॅलिफोर्नियातील शेतकऱ्याची वर्गनोंदणी : एका विषयापुरते कॉलेज

आपल्या द्राक्ष बागायतदारांना 'थॉमसन सीडलेस' हे नाव नवीन नाही. कॅलिफोर्नियातील विल्यम थॉम्पसन या बागायतदारावरून ते पडले. तेथील फ्रेस्नो परिसरात या जातीपासून अनेक दशके बेदाणा तयार होत आला आहे. आपल्याकडे तासगाव भागात होतो तसाच. फरक इतकाच की, आपण शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षे सुकवतो आणि तेथे ती परंपरेने वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून उन्हात वाळवली जातात. या फ्रेस्नोची आणखी एक ओळख आहे. सन १९१० मध्ये कॅलिफोर्नियातील पहिले 'ज्युनिअर कॉलेज' येथेच सुरू झाले. अशा कॉलेजांना पुढे 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज त्या राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. त्यांपैकी रीडली, मोडेस्टो यांसारख्या कॉलेजांत शेतीचे विषय शिकवले जातात आणि त्यासाठी कॉलेजची स्वतःची शेतीही आहे.

या कॉलेजांत शेतकरी वर्गासाठी नाव कसे नोंदवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याचे मुख्य कारण असे की, तेथे पूर्ण अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याची सक्ती नसते. ज्याला फक्त मृदाशास्त्र शिकायचे आहे, त्याने फक्त मृदाशास्त्राच्या वर्गात नाव नोंदवावे, तेवढेच शुल्क भरावे आणि परीक्षा देऊन घरी जावे.

प्रवेश कोणाला मिळतो ?

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकणारी कोणतीही व्यक्ती किंवा हायस्कूल पूर्ण केलेला विद्यार्थी येथे अर्ज करू शकतो. गुणवत्ता यादी लागत नाही. अर्ज संगणकावरून भरावयाचा असून तो विनामूल्य असतो. राज्यात किमान एक वर्ष कायम वास्तव्य असलेल्या रहिवाशास सन २०१२ पासून प्रति युनिट ४६ डॉलर शुल्क आहे. बाहेरून आलेल्यांना याच्या कित्येक पट रक्कम भरावी लागते. आपल्या गावातील कोणाचा मुलगा किंवा मुलगी तेथे नुकतीच राहावयास गेली असेल, तर त्यांनी ही एक वर्षाची अट आधी पाहावी. रहिवासी असून उत्पन्न कमी असल्यास शुल्क माफ होते.

युनिट म्हणजे काय ?

आपल्या कृषी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात विषयापुढे '२+१' असे लिहिलेले असते, म्हणजे दोन तास व्याख्यान आणि एक प्रात्यक्षिक. ही श्रेयांक पद्धत आपण अमेरिकेतूनच घेतली आहे. तेथील युनिटही तसेच. मात्र प्रात्यक्षिकाच्या एका युनिटला आठवड्याचे तीन तास धरतात. समजा, मृदाशास्त्र तीन युनिटचे असून त्यात दोन युनिट व्याख्यान आणि एक युनिट प्रात्यक्षिक आहे. मग आठवड्यात वर्गात पाच तास गेले. व्याख्यानाच्या प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास धरतात, म्हणजे आणखी चार. एकूण नऊ तास झाले. शुल्क १३८ डॉलर. पुस्तके व किरकोळ शुल्के वेगळी. पैशांपेक्षा या नऊ तासांचा हिशेब शेतकऱ्याने आधी करावा, असे मला वाटते.

वर्ग निवडताना दोन कागद पाहावे लागतात. कॅटलॉगमध्ये कॉलेज कोणकोणते विषय शिकवते व प्रत्येकासाठी आधी काय शिकलेले असावे लागते, हे दिलेले असते. वेळापत्रकात मात्र या सत्रात कोणता विषय, कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या क्रमांकाच्या तुकडीत आहे, ते दिसते. कॅटलॉगमध्ये असलेला विषय या सत्रात असेलच असे नाही. नाव नोंदवताना तुकडीचा क्रमांक द्यावा लागतो. एकाच विषयाची सकाळची व संध्याकाळची तुकडी वेगळी असते आणि चुकीचा क्रमांक दिला की, दूध काढण्याच्या वेळीच नेमका वर्ग येतो.

पूर्वी इंग्रजी व गणिताची चाचणी घेऊन विद्यार्थ्याची पायरी ठरवीत. सन २०१७ च्या कायद्यानंतर हायस्कूलमधील कामगिरीला महत्त्व देण्यात आले आहे.

नंबर लागणे व न लागणे

सर्वांसाठी नोंदणी एकाच दिवशी खुली होत नाही. माजी सैनिक, अपंग, अनाथालयातून किंवा पालक कुटुंबातून आलेली मुले यांना आधी संधी मिळते. ज्या विद्यार्थ्याने समुपदेशकाबरोबर बसून शिक्षणाचा आराखडा केला आहे, त्यालाही लवकरची तारीख मिळू शकते. एखादा विषय शिकण्यासाठी नव्याने आलेला शेतकरी बहुधा शेवटी असतो. तोपर्यंत संध्याकाळच्या तुकड्या भरलेल्या असतात. नोकरी-धंदा करणाऱ्या सर्वांना त्याच हव्या असतात.

अशा वेळी प्रतीक्षा यादीत नाव घालावे आणि पहिल्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष हजर राहावे. नाव नोंदवूनही जो पहिल्या दिवशी येत नाही, त्याचे नाव प्राध्यापक काढू शकतात आणि ती जागा हजर असलेल्यास मिळू शकते. उलट बाजूने पाहिल्यास, ज्याचा नंबर लागला आहे त्यानेही पहिला तास चुकवू नये. एवढ्याशा कारणाने सहा महिने वाया जातात.

बेदाणा आणि वेळापत्रक

पहिले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते. बेदाण्यासाठी द्राक्षाची काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. म्हणजे वर्गाचे पहिले पाच-सहा आठवडे आणि कागदावर पसरलेला वर्षाचा माल एकाच वेळी. त्यात सप्टेंबरमध्ये पाऊस येण्याची धास्ती असतेच. अशा बागायतदाराने जानेवारी ते मे हे दुसरे सत्र घ्यावे, हे उघड आहे. तेव्हा छाटणी असते, परंतु ती दोन दिवस पुढे-मागे करता येते.

तरीही नाव नोंदवले आणि जमले नाही, तर काय ? येथे बरेच जण फसतात. वर्गात जाणे बंद केले म्हणजे नाव आपोआप निघेल, असे गृहीत धरू नये. ते स्वतः काढावे लागते. पूर्ण सत्राच्या वर्गाचे नाव साधारणपणे पहिल्या दोन आठवड्यांत काढल्यास शुल्क परत मिळते. सत्राचा सुमारे २० टक्के काळ होईपर्यंत काढल्यास गुणपत्रकावर खूण राहत नाही. त्यानंतर, सुमारे ७५ टक्के काळापर्यंत, 'डब्ल्यू' अशी नोंद होते. तीही चुकली तर बहुधा नापासाचा शेरा. नापास आणि 'डब्ल्यू' दोन्ही धरून एक विषय सामान्यतः तीन वेळाच घेता येतो. त्यामुळे नाव नोंदवतानाच या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. फवारणीच्या तारखा लिहितो तशाच.

मिळवलेले युनिट जमा राहतात. कॅलिफोर्नियात दुसऱ्याच्या शेतासाठी कीडनाशकाची शिफारस करण्याचा व्यवसाय करावयाचा तर सल्लागार परवाना लागतो आणि त्याच्या परीक्षेस बसण्यासाठी ठरावीक विषयांचे युनिट दाखवावे लागतात. ६० युनिटची दोन वर्षांची पदवी घेऊन पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येते. मात्र कोणता विषय तेथे ग्राह्य आहे, ते आधी पाहावे लागते. आवडेल तो वर्ग घेत राहिल्याने युनिट साठतात, पण पदवी होत नाही. मुक्तद्वार पद्धतीचा हा मोठा दोष आहे. आपल्या ठरीव वर्षवार पद्धतीत विद्यार्थी निदान भरकटत नाही.

आपल्याकडे शेतकरी शिवारफेरीला विद्यापीठात येतो, प्रक्षेत्रावर मोलाचे प्रश्न विचारतो. परंतु तण व्यवस्थापनाच्या एका विषयापुरते नाव नोंदवून पदवीच्या वर्गात बसण्याची रीत नाही. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने सन २००३ मध्ये सुरू केलेली कृषी निविष्ठा विक्रेत्यांची 'देसी' पदविका. ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, तोही रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या वारी. दुकान बंद न ठेवता शिकता यावे, हा त्यामागचा विचार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सन २०२१ मध्ये श्रेयांक साठवण्याच्या बँकेचे नियमही केले आहेत. त्या खात्यात जमा होईल असा एकेक विषय, रब्बीची पेरणी आटोपल्यावर सुरू होणारा आणि संध्याकाळी भरणारा, कृषी महाविद्यालयांनी शेतकऱ्यांसाठी काढावा असे माझे मत आहे. मृदाशास्त्रापासून सुरुवात करता येईल. त्याची प्रयोगशाळा आणि प्रक्षेत्र आपल्याकडे तयारच आहे.