मोडीचा दूरस्थ वर्ग व त्यास योग्य यंत्रणा

पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल आहेत. कै. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं इ. स. १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. तथापि न छापलेला भाग त्याहून कितीतरी मोठा आहे. तो वाचावयाचा तर मोडी जाणणारे पाहिजेत, आणि शाळांतून मोडी नाहींशी झाल्यास आतां कित्येक दशकें लोटलीं. पुण्यास वर्ग भरतात खरे. परंतु सोलापूर, तंजावर किंवा परदेश येथील जिज्ञासूस त्यांचा लाभ होत नाहीं. सबब असा वर्ग संकेतस्थळावर चालवावयाचा झाल्यास यंत्रणा कोणती घ्यावी व ती कशी उभारावी, याचा विचार येथें करितों.

भाड्यानें मिळणाऱ्या तयार सेवा सोयीच्या असतात. मात्र पाठ, प्रश्न व विद्यार्थ्यांचे गुण पुढें तेथून उचलून नेतां येतील कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वींच विचारावें. ज्या संस्थेचें स्थळ वर्डप्रेसवर आहे तिला त्यासच अभ्यासवर्गाची जोड देतां येते. चार व्याख्यानांच्या मालेस तेवढें पुरे. परंतु मोडीसारख्या सरावप्रधान विषयास आम्ही मूडल पसंत करितों. ऑस्ट्रेलियांतील मार्टिन डूजियामास यांनीं रचलेल्या या प्रणालीची पहिली पूर्ण आवृत्ति ऑगस्ट २००२ मध्यें निघाली. ती मुक्त परवान्याची असल्यामुळें तिचें मोल पडत नाहीं. खर्च होतो तो सर्व्हरचा व ती सांभाळणाऱ्या माणसाचा.

आमच्या पसंतीचें खरें कारण तिचे प्रश्नप्रकार हें आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. तेव्हां विद्यार्थ्यानें नागरींत केलेलें लिप्यंतर एका अक्षराच्या वेलांटीसाठीं चूक ठरविणें हा अन्यायच होय. मूडलच्या लघूत्तरी प्रश्नांत एकाच प्रश्नाचीं अनेक उत्तरें ग्राह्य म्हणून नोंदवितां येतात. आणखी एक अडचण अशी कीं, 'ऱ्या' हें अक्षर संगणकावर दोन निरनिराळ्या संकेतांनीं लिहितां येतें. डोळ्यास दोन्ही सारखींच दिसतात, यंत्रास मात्र भिन्न. दोन्ही रूपें नोंदविलीं नाहींत तर बरोबर वाचणारा नापास व्हावयाचा! संपूर्ण पत्राचें वाचन मात्र यंत्रावर सोंपवूं नये. तें निबंधप्रकारांत घेऊन शिक्षकानेंच तपासावें.

कालगणनेचे प्रश्न यंत्रास सहज तपासतां येतात. उदाहरणार्थ, 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन ११६१. मृगाच्या सुमारास हें वर्ष पालटतें. म्हणून त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढें जानेवारीपासून ६०० मिळवावे. पानिपतचा दिवस, १४ जानेवारी १७६१, याच सनांत पडतो.

युनिकोडांत मोडीचा समावेश इ. स. २०१४ मध्यें झाला. त्या टंकानें मुळाक्षरें दाखवावीं, पण पाठ टंकावर रचूं नयेत. कारण प्रत्यक्ष लेखक आधीं शिरोरेघ ओढून मग बोरू शक्य तितका न उचलतां अक्षरें जोडीत जातो, व तें वळण छापील अक्षरांत उमटत नाहीं. वरून घेतलेली, लिहित्या हाताची चित्रफीत आणि अस्सल पत्राचें छायाचित्र हींच खरीं साधनें. छायाचित्राची मोठी प्रत संग्रहीं ठेवून पाठांत हलकी प्रत द्यावी. पुष्कळ विद्यार्थी मोबाइलवरच वाचतात.

उभारणीस पीएचपी व मारियाडीबी यांसारखा विदागार चालविणारा सर्व्हर लागतो. विद्यार्थ्यांच्या फाइली ज्या कोठारांत जातात तें स्थळाच्या उघड्या भागाबाहेर असावें. पत्रें धाडणें इत्यादि नित्यकर्मांसाठीं ठराविक वेळानें आपोआप चालणारी आज्ञा लावावी लागते. ती विसरल्यास सूचनापत्रें जात नाहींत. विदागार व कोठार या दोहोंची नक्कल नियमानें घ्यावी, आणि ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर एकदां उघडून पाहावी. रुमाल बांधून ठेवला म्हणजे आंतील कागद शाबूत राहतात असें नव्हे, हें संशोधकांस सांगावयास नको.

प्रथम दहाबारा विद्यार्थी घेऊन पेशवेकालीन सुबक वळणाचीं पत्रेंच लावावीं. शिवकालीन वळण व घाईचीं जमाखर्ची टिपणें दुसऱ्या सत्रास ठेवावीं.