विश्लेषण : मोहीम संपली की कचरा पुन्हा त्याच कोपऱ्यावर का येतो?

महापालिका असो वा नगर परिषद, स्वच्छता मोहिमेचे चित्र साधारण सारखेच असते. सकाळी झाडू हातात घेतलेले मान्यवर, दुपारपर्यंत लख्ख झालेला चौक, भिंतीवर नवे घोषवाक्य आणि आठवडाभरात त्याच घोषवाक्याखाली पुन्हा पिशव्यांचा ढीग. दंड, फलक, स्पर्धा, रांगोळ्या असे सगळे उपाय करूनही रस्त्यावरचा कचरा का हटत नाही आणि जिथे तो हटला तिथे नेमके काय केले गेले, याचा हा आढावा.

कचऱ्याची जबाबदारी कोणाची?

कायद्याच्या दृष्टीने ती प्रथम स्थानिक स्वराज्य संस्थेची. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत सार्वजनिक स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापनाचा समावेश आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नागरिकांवरही बंधन घातले : कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करायचा, रस्त्यावर, नाल्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही. त्याच नियमांनी पालिकांना झोपडपट्ट्यांसह सर्व वस्त्यांत घरोघरी कचरा गोळा करण्यास सांगितले. मोहिमांत पहिल्या भागाचे फलक ठळकपणे लागतात. दुसऱ्या भागाची फारशी वाच्यता होत नाही.

ठरावीक कोपराच उकिरडा का होतो?

पालिकेच्या भाषेत अशा जागांना ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. शहरातला कचरा सगळीकडे सारखा पसरत नाही. विजेच्या डीपीमागे, बंद दुकानासमोर, नाल्याच्या कठड्यालगत, दोन प्रभागांच्या हद्दीवर म्हणजे जिथे कोणाचीच नजर नसते, तिथे तो साचतो.

एक पिशवी पडली की दुसरी सहज पडते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहरात केलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी सांगितला जातो. संशोधकांनी गल्लीत उभ्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले. जवळ कचराकुंडी नव्हती. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी तो कागद खाली टाकला. त्याच भिंतीवर रेघोट्या मारल्यावर हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. ‘इथे चालते’ हा संदेश भिंतच देत होती. उकिरड्याच्या जागी रांगोळी काढण्यामागे, कुंड्या ठेवण्यामागे हाच विचार असतो. पण पिशवी घेऊन येणाऱ्याला ती टाकण्याची दुसरी सोय नसेल, तर ढीग फक्त २० पावले पुढे सरकतो.

दंडाने काय साधले?

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. २००६ च्या स्वच्छता उपविधींनुसार रस्त्यावर कचरा टाकणे किंवा थुंकणे यासाठी २०० रुपये दंड ठरला आणि वसुलीसाठी खासगी संस्थांचे ‘क्लीन-अप मार्शल’ आले. त्यांच्या अरेरावीच्या आणि पैसे उकळण्याच्या तक्रारी वाढल्या, योजना बंद पडली, पुन्हा सुरू झाली. करोनाकाळात हेच मार्शल मुखपट्टी नसलेल्यांकडून दंड घेत होते. एप्रिल २०२४ मध्ये योजना नव्याने आली आणि वर्षभरात पुन्हा गुंडाळण्यात आली.

अडचण माणसांपेक्षा रचनेत होती. दंडातील वाटा संस्थेला मिळत असल्याने पावत्या जितक्या अधिक, तितकी कमाई अधिक. मग मार्शल उभा राहणार तो स्थानकाबाहेरच्या गर्दीत. रात्री ११ वाजता कोपऱ्यावर पिशवी टाकणारा किंवा पहाटे राडारोडा ओतणारा टेम्पो त्याच्या हाती लागत नाही. दंडाचा धाक रकमेपेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीतून निर्माण होतो. ती खात्री नसेल तर दंड म्हणजे नशिबाचा खेळ ठरतो.

कचराकुंड्या हटवल्याने रस्ते स्वच्छ होतात का?

होतात, पण क्रम पाळला तरच. ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळवणाऱ्या इंदूरने (२०२३ मध्ये सुरतसह संयुक्त) रस्त्यावरच्या मोठ्या कुंड्या काढल्या. मात्र आधी घरोघरी संकलन मोजक्या प्रभागांत सुरू करून टप्प्याटप्प्याने सर्व प्रभागांत नेले. गाडी रोज येते, हा विश्वास बसल्यावर कुंडीची गरज उरली नाही.

अनेक शहरांत याच्या उलट होते. कुंडी आधी हटते आणि घंटागाडी मात्र कधी सातला, कधी अकराला येते. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या कुटुंबाने मग काय करायचे? चिंचोळ्या गल्लीत गाडी शिरत नसेल तर? पिशवी पुन्हा कोपऱ्यावर जाते आणि दोष ‘बेशिस्त’ नागरिकांना मिळतो. बेशिस्त असतेच, पण गैरसोयही तिच्याइतकीच खरी असते.

पुणे आणि वेंगुर्ल्यात वेगळे काय झाले?

पुण्यात कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. कचरावेचक दारातून कचरा घेतात, त्यासाठी घरटी मासिक शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातील भंगार विकून जोड उत्पन्न मिळते. इथे कमाई प्रत्येक दाराशी जोडलेली आहे. खाडा केला तर शुल्क बुडते आणि मिश्र कचरा आला तर भंगाराचा दर पडतो. म्हणून वर्गीकरणाचा आग्रह रोज दारात धरला जातो.

सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगर परिषदेने छोट्या शहराचा वेगळा मार्ग दाखवला. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरातच वर्गीकरण सक्तीचे झाले आणि मिश्र कचरा घेणे थांबले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत, प्लास्टिकचा रस्त्याच्या कामात वापर, असा प्रत्येक प्रकाराला ठिकाणा मिळाला. कचरा डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी झाली. मोजकी घरे, एकच यंत्रणा हा छोट्या शहराचा फायदा मोठ्या शहराला एकेका प्रभागापुरता मिळवता येतो.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे का?

नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याच गटारात मावणारा नव्हता, पण प्लास्टिकने तुंबलेल्या नाल्यांनी संकट वाढवले, हेही त्या वेळी उघड झाले. मार्च २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकबंदी लागू केली, ५ हजार रुपयांपासून पुढे दंड ठेवला. तरी पातळ पिशवी मंडईत दिसतेच.

दुसरी किंमत सफाई कामगार मोजतात. कोपऱ्यावरच्या मिश्र ढिगात फुटकी काच, वापरलेल्या सुया, सॅनिटरी पॅड असे सारे एकत्र असते. ते बहुतेकदा हातानेच उचलले जाते. हातमोजे, गणवेश, रेनकोट देण्याचे बंधन २०१६ च्या नियमांत होते. मोहिमेच्या छायाचित्रात मान्यवरांच्या हातात नवे मोजे असतात. दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्याच्या हातात ते आहेत का, हे पाहायला हवे.

नागरिकांनी काय विचारावे?

पुढची मोहीम जाहीर झाली की प्रभाग कार्यालयाला चार साधे प्रश्न विचारता येतील. घंटागाडी आपल्या गल्लीत किती वाजता येते आणि ती चुकली तर तक्रार कोणाकडे करायची? कामावर लवकर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळची फेरी आहे का? प्रभागातील क्रॉनिक स्पॉटची यादी कुठे लावली आहे आणि तीन महिन्यांपूर्वीच्या यादीतले किती कमी झाले? आणि दारात वेगळा दिलेला ओला-सुका कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो का?

यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर घरातल्या दोन डब्यांचा उत्साह महिनाभरही टिकणार नाही.