गर्दीच्या आधीचे चोवीस तास

जुलै २०२४च्या अखेरीस नवी मुंबईजवळचे उरण पेटले होते. वीस वर्षांच्या एका तरुणीचा खून झाला होता. दुकाने बंद झाली, मोर्चे निघाले आणि त्याहून वेगाने मोबाइलवरचे संदेश धावले. आरोपीला पोलिसांनी ३० जुलैला कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात पकडले. तोवर समाजमाध्यमांवर सगळा निवाडा होऊन गेला होता. मुलीचे नाव, तिचे फोटो, तिच्या देहाचे काय झाले याच्या अंगावर काटा आणणाऱ्या कहाण्या आणि प्रकरणाला चढवलेला धर्माचा रंग, हे सगळे हजारो हातांतून पुढे सरकत होते.

या गदारोळात एक माहिती बातम्यांत आली आणि मागे पडली. याच आरोपीवर २०१९मध्ये मुलीच्या कुटुंबाच्या तक्रारीवरून पोक्सोचा गुन्हा दाखल झाला होता. तो तुरुंगात गेला होता आणि जामिनावर सुटला होता. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या या पोक्सो कायद्याचे कलम ३५ सांगते की, विशेष न्यायालयाने शक्यतो एका वर्षात खटला संपवावा. मग २०१९चा तो खटला पाच वर्षांत कुठवर गेला होता? जामिनावर सुटलेल्या माणसापासून त्या कुटुंबाला कोणते संरक्षण मिळाले होते? ‘फाशी द्या’ या घोषणेला जी गर्दी मिळाली, ती या प्रश्नांना मिळाली नाही.

लोकांच्या रागाला मी कमी लेखत नाही. छोट्या गावातले पोलीस ठाणे, शाळेचे संचालक मंडळ, ग्रामीण रुग्णालय आणि स्थानिक पुढारी हे एकमेकांच्या ओळखीचे असतात. तिथे एकट्या आईबापांचा आवाज उंबरठ्यावरच अडतो. बाहेरून दबाव आला नाही, तर बऱ्याच तक्रारी कागदावर येणारच नाहीत. पण दबाव कोणत्या टेबलावर टाकायचा, यावर त्याचे फळ ठरते. महाराष्ट्राचा पन्नास वर्षांचा अनुभव तेच सांगतो.

बदलापूर : दबावाने काय मिळाले, काय गमावले

उरणनंतर तीनच आठवड्यांनी बदलापूर घडले. ऑगस्ट २०२४मध्ये तिथल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. १६ ऑगस्टला पालक पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा नोंदवून घ्यायला बारा तासांच्या आसपास वेळ लागला. चार दिवसांनी, २० ऑगस्टला, शहर रस्त्यावर आले. हाका व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरल्या होत्या. लोक रेल्वे रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल थांबल्या, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले.

त्यानंतर यंत्रणा हलली. आयपीएस अधिकारी आरती सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यासह तीन पोलीस निलंबित झाले. घटना कळूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवर गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. लोकांचा उद्रेक झाल्याशिवाय यंत्रणा हलतच नाही का, या आशयाचा संताप न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने व्यक्त केला. शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षेसाठी पुढे निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समितीही नेमली गेली. ही दबावाची खरी कमाई.

पण त्याच गर्दीत आणखी एक मागणी होती : आरोपी आमच्या ताब्यात द्या. २३ सप्टेंबरला तळोजा कारागृहातून नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळ्या लागून आरोपी मेला. पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूची जबाबदारी गाडीतल्या पाच पोलिसांवर ठेवली. आरोपी गेला, तशी त्याच्यावरच्या आरोपांची भर न्यायालयात शाबिती होण्याची वाटही बंद झाली. त्या मुलींच्या बाजूने निकालाचा कागद लिहिला जायला हवा होता. तो आता कधीच लिहिला जाणार नाही.

पत्र, ब्लॉग आणि उशीर

इंटरनेट नव्हते तेव्हाही असा दबाव उभा राहिला होता. १९७२मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपी सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हा त्यातला एक आधार. सप्टेंबर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र हातोहात फिरले, छापले गेले, त्यावर मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. पत्रात शिवी नव्हती. निकालातला तर्क कुठे चुकला, एवढेच मुद्देसूद मांडलेले होते. १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी तरतूद झाली, अशा खटल्यांत स्त्रीने ‘संमती नव्हती’ म्हटले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असे ठरले आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा झाला. ती मुलगी मात्र तोवर देशभर नावानिशी ठाऊक झाली होती. या लेखात ते नाव घ्यायचे कारण नाही.

खैरलांजीत इंटरनेट आले, पण उशिरा. २९ सप्टेंबर २००६ला भंडारा जिल्ह्यातल्या या गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी आरंभी फारशी दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, ईमेल आणि ब्लॉग यांतून हकिकत जगभर पोहोचली आणि नोव्हेंबरात विदर्भ पेटला. मग निलंबने झाली, तपास सीबीआयकडे गेला, २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पण पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने जी काळजी घ्यायला हवी होती, ती घेतली गेली नाही. खटल्यात बलात्कार सिद्ध झाला नाही, अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागला नाही. मोर्चे लाखांचे असोत, पहिल्या दिवशी न घेतलेला नमुना त्यांना परत आणता येत नाही.

परदेशातही हेच दिसते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टुबेनव्हिल या छोट्या गावात २०१२मध्ये शाळेच्या फुटबॉल संघातल्या दोन मुलांनी एका मुलीवर अत्याचार केला. गाव संघाच्या पाठीशी उभे राहत होते. ‘अ‍ॅनॉनिमस’ या नावाने वावरणाऱ्या इंटरनेट कार्यकर्त्यांनी ते प्रकरण देशापुढे आणले. दोन्ही मुले मार्च २०१३मध्ये दोषी ठरली, नंतर शाळेच्या अधिकाऱ्यांवरही आरोप ठेवले गेले. मात्र त्या मोहिमेतल्या एका कार्यकर्त्याला संकेतस्थळात बेकायदा शिरल्याबद्दल दोन वर्षांची कैद झाली.

कोणत्या टेबलावर बोट ठेवायचे

१ जुलै २०२४पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू आहेत. त्यांनी नागरिकांच्या हातात नेमके प्रश्न दिले आहेत. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्याने नोंदवलीच पाहिजे, हद्दीचे कारण सांगता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये हे स्पष्ट आहे. ठाण्याने नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, उरणसारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बलात्काराची तक्रार नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९नुसार किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पीडितेची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. तपास दोन महिन्यांत संपायला हवा. पोक्सोनुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. बालकल्याण समितीला चोवीस तासांत कळवायचे असते. मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३पासून आहे.

ऑनलाइन कार्यकर्त्यांनी हीच यादी हातात घ्यावी. तक्रार किती वाजता आली, नोंद किती वाजता झाली, तपासणी कधी झाली, दोषारोपपत्र केव्हा गेले? यातला एकही प्रश्न विचारायला मुलीचे नाव लागत नाही, फोटो लागत नाही, आरोपीचा धर्म तर नाहीच नाही. नाव पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पीडिता मरण पावली तरी तिची ओळख जपली पाहिजे, आंदोलकांनीही जपली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात बजावले आहे.

रागाला नेमक्या मागणीत बसवणे उरणला नवे नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी छातीवर गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले. त्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी त्या रागाला मोजून मापून एका मागणीत बसवले आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला कागदावर मान्य करावे लागले. मुलींच्या सुरक्षेसाठी असा आकड्यात बोलणारा लढा अजून उभा राहिलेला नाही. उरणच्या तरुणांनी माहितीच्या अधिकारात दर तीन महिन्यांनी विचारावे : तालुक्यात पोक्सोचे किती गुन्हे नोंदले, किती तपास दोन महिन्यांत संपले, वर्ष उलटूनही किती खटले पडून आहेत, जामिनावर सुटलेल्या किती आरोपींविरुद्ध पुन्हा तक्रार आली. उत्तर येईल ते चौकात लावावे, ग्रुपवर टाकावे, आमदारांपुढे ठेवावे. २०१९च्या त्या गुन्ह्याबद्दल असे कुणी दर तिमाहीला विचारत राहिले असते, तर त्या पाच वर्षांचा हिशेब कुणाला तरी द्यावाच लागला असता. पुढच्या मुलीसाठी तो हिशेब मागायला खून होण्याची वाट पाहायची गरज नाही.